दारातली वळकटी

"मॅडम, या खोलीत बाईमाणूस झोपत न्हाई," तात्या म्हणाले. "आजवर कधी झोपलं न्हाई."

रविवारची सकाळ होती. घोडपदेवच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, मी पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. माझ्यासमोर एका गावचे सगळे पुरुष मांडी घालून बसले होते. कुणी वॉचमन, कुणी कुरिअरवाला, कुणी मॉलमध्ये हाऊसकीपिंगला. मला त्यांच्याकडून एका बाईसाठी झोपायला जागा हवी होती. सुट्टीच्या दिवशी मी भांडायला आले होते आणि तोंडावरही तसंच दिसत असणार.

माझं काम काय, ते आधी सांगते, कारण आमच्या नायगावच्या चाळीतल्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी परळच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते. समाजसेविका म्हटलं की लोकांना वाटतं, ही आता निवडणुकीला उभी राहणार. तसं काही नाही. गावाहून कॅन्सरचा पेशंट येतो, डॉक्टर त्याला ट्रीटमेंट लिहून देतात. मग हा माणूस एवढे आठवडे राहणार कुठे, जेवणार कुठे, सोबत कोण, घरची गुरं कोण बघणार, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. डॉक्टर रोग बघतात. आम्ही रोग सोडून उरलेला माणूस बघायचा.

त्या बाईंना मी सुलाबाई म्हणते. खरं नाव वेगळं होतं. सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातलं गाव, त्याचं नाव लिहीत नाही. सुलाबाईंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, पण वेळेत सापडलेला. आमचे रेडिएशनचे डॉक्टर देशमाने फार बोलणारे नव्हते. ते मला म्हणाले होते, "ही बरी होणारी केस आहे. पूर्ण ट्रीटमेंट करून घ्या, बाकी मी बघतो." असं ते सगळ्यांबद्दल म्हणत नसत.

पूर्ण ट्रीटमेंट म्हणजे आधी पाचेक आठवडे बाहेरून रेडिएशन, मग आतून. पेशंट त्याला 'लाईट घेणं' म्हणतात. लाईट सलग घ्यावी लागते. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना डोकं वर काढायला सवड मिळते. म्हणून बाई मुंबईत राहायलाच हवी होती. धर्मशाळांची वेटिंग लिस्ट लांबलचक. हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहणारे पेशंट तुम्ही पाहिले असतील. सुलाबाईही तीन-चार दिवस तिथेच होत्या. मुलगा विलास सिक्युरिटी गार्ड, नाईट ड्यूटीचा. मी त्याला विचारलं, "तू राहतोस कुठे?" तो म्हणाला, "गावच्या खोलीत." मग म्हणाला, "पण तिथं आईला न्हाई चालत."

गावची खोली हा प्रकार आता कमी होत चाललाय, म्हणून सांगते. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावोगावचे पुरुष मुंबईत आले. बायकामुलं गावी. मग गावाने मिळून एक खोली घेतली. ती कुणा एकाची नाही, गावाची. गावातून कुणीही आला की त्याला पाठ टेकायला जागा मिळायची. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली ट्रंक, तेवढीच एकेकाची मालमत्ता. कोपऱ्यात ग्रामदेवाचा फोटो. महिन्याला बैठक होते, गावातल्या देवळाच्या पत्र्यापासून कुणाच्या पोराच्या नोकरीपर्यंत सगळं तिथे ठरतं. गिरण्या गेल्या, पण खोली राहिली. पंच म्हणतील ते कायदा. आणि पहिला कायदा हा, की इथे बाई राहायची नाही. एवढ्या परक्या पुरुषांत कुणाच्या घरची लेकसून राहिली आणि उद्या काही बोललं गेलं, तर गावाची अब्रू जाते, असं त्यांचं म्हणणं.

सोपानतात्या त्या पंचांमधले सगळ्यात थोरले. गिरणीत होते, ती बंद पडल्यावर वॉचमनकी केली, बायको वारल्यावर गावी फारसे गेलेच नाहीत. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. सुलाबाईंच्या नवऱ्याचे ते चुलत थोरले भाऊ. म्हणजे नात्याने तिचे मोठे दीर.

"मग तिला रस्त्यावर ठेवू?" मी विचारलं.

विलास दाराशी मान खाली घालून बसला होता.

"तुमच्या गावची सून फुटपाथवर झोपते, ते चालतं अब्रूला?"

हे मी जरा लागेल असंच म्हटलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पोरांकडे बघितलं.

"आपल्या वळकट्या बाहेर काढा," ते म्हणाले. "खोली तिला द्या. तुमी समदे ग्यालरीत झोपा, न्हाई मावलं तर गच्चीत जा. लाईट संपस्तोवर या खोलीत कुणी पाऊल टाकायचं न्हाई. कपडे घ्यायला आलात तर दारातनं हाळी द्यायची."

"तात्या, पावसाळा तोंडावर आलाय," एकजण म्हणाला.

"मग भिजा," तात्या म्हणाले. "आन् मी स्वतः दाराशी झोपंन. उंबऱ्याला लागून. माझ्यावरनं माशी आत जायची न्हाई."

मला खरंच भरून आलं. मी नायगावच्या चाळीतली मुलगी, चाळीतली माणुसकी आणि चाळीतली कटकट दोन्ही मला माहीत. तरी एवढ्या माणसांनी एका बाईसाठी घर सोडणं मी पाहिलं नव्हतं. सोमवारी मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

पहिले दोन आठवडे सगळं झकास चाललं. खानावळवाल्या मावशींना सांगून बिनतिखटाचं जेवण येत होतं. कुणी ना कुणी सकाळी सुलाबाईंना हॉस्पिटलात पोचवून कामावर जायचा. त्या बाई म्हणजे गरीब गाय. बारीक, काळीसावळी, नऊवारी लुगडं, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. मी विचारायची, "कसं चाललंय?" त्या म्हणायच्या, "लई करत्यात समदी. पांग कसं फेडू?" प्रत्येक वेळी तेवढंच.

तिसऱ्या आठवड्यात रेडिएशनच्या टेक्निशियनचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या पेशंट पाणी पिऊन येत नाहीत. रोज सांगतो, रोज तेच."

हे पाण्याचं थोडं समजावून सांगते. ओटीपोटावर लाईट देताना मूत्राशय भरलेलं असावं लागतं. ते भरलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. रिकामं राहिलं तर आतडी भाजतात, जुलाब वाढतात. म्हणून पेशंटला भरपूर पाणी प्यायला सांगतात. तिसऱ्या आठवड्यात थोडेफार जुलाब सगळ्यांनाच होतात. पाणी न पिणाऱ्याला जास्त होतात.

देशमान्यांनी सुलाबाईंना झापलं. मी शेजारी होते.

"बाई, तुम्हाला बरं व्हायचंय ना?"

"व्हय."

"मग पाणी का पीत नाही?"

"पिते की."

"खोटं बोलू नका. वजन बघा किती उतरलंय. जेवता का?"

"जेवते की."

मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि परत विचारलं. खोलीत पाणी नसतं का? पिंपं भरलेली असतात. जेवण आवडत नाही का? आवडतं. कुणी काही बोलतं का? त्या एकदम म्हणाल्या, "न्हाई हो. असलं मनात बी आणू नका. देवमाणसं हायती." ओठ सुकून भेगा पडलेल्या होत्या. मी त्यांच्यासमोर ग्लास धरला तर दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, भीतीने अन्न जात नाही. असं पुष्कळांचं होतं. मी डायटिशियनकडे पाठवलं, तिने पावडर लिहून दिली, झालं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी विलासला फोन लावला.

"कुठे आहे आई?"

"गावी, मॅडम."

"गावी कशी?"

"लाईट संपली ना? आई म्हणाली डॉक्टरांनी सुट्टी दिली. सगळ्यांनी मिळून एसटीत बसवून दिलं. तात्यांनी लुगडं घेतलं नवं. तुम्हाला पेढे द्यायला येणार होतो, पण ड्यूटी..."

मी फोन ठेवला. मग घोडपदेवला गेले. वळकट्या आत आल्या होत्या, खोली परत पुरुषांची झाली होती, वातावरण तर एखादं कार्य पार पडल्यासारखं. मी त्यांना सांगितलं की ट्रीटमेंट अर्धीच झालीये आणि ती खोटं बोलून गेलीये. तात्या उठून उभे राहिले आणि परत बसले.

"आमच्यात काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं.

मी चिडले होते. रोज कित्येक माणसं जागेसाठी माझ्यासमोर रडायची आणि ही बाई सोन्यासारखी जागा सोडून गेली होती. गावात फोनला रेंज नाही. देवळामागच्या टेकाडावर चढलं तर लागतो म्हणे, पण मला त्यांच्याशी बोलायचं तर त्या टेकाडावर असायला हव्यात. देशमान्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आठवड्यात परत आणलंत तर काहीतरी करता येईल. त्याच्यापुढे मी शब्द देत नाही."

आमचं काम टेबलावरचं. पेशंटच्या गावी कुणी जात नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि तात्यांबरोबर निघाले.

एसटीने तालुक्याला, तिथून जीपने घाटात, आणि शेवटचा चढ पायी. गाव बघून मला ती खोली नीट कळली. घरापुढे घर, निम्म्या घरांना कुलपं. उघडी होती त्यांत म्हाताऱ्या आणि सुना. तरणा पुरुष एक दिसेल तर शपथ. शाळेला दोन खोल्या, एकीत कुणीतरी कडबा भरलेला. विहीर खालच्या अंगाला, बायका हंडे घेऊन चढत होत्या. डॉक्टर तालुक्यालाच. प्रत्येक ओट्यावरून म्हाताऱ्या तात्यांना विचारत होत्या, "आमचा बरा हाय का? जेवतो का?" तात्या प्रत्येकीला नाव घेऊन सांगत होते, "बरा हाय, पगार वाढला." अर्धं गाव इथे वाट बघत बसलेलं आणि उरलेलं अर्धं घोडपदेवच्या त्या खोलीत.

सुलाबाई घरीच होत्या. तात्यांना बघताच पदर पुढे ओढून आत गेल्या. तात्या ओट्यावरच थांबले. मला म्हणाले, "तुमी आत जावा. मी हितं बसतो."

आत चुलीपाशी आम्ही दोघीच. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मी म्हटलं, "चहा नको. का आलात ते सांगा."

"बरं वाटाया लागलं व्हतं."

"सुलाबाई, मी मुंबईवरून आलेय."

त्या चुलीत फुंकर मारत राहिल्या. मग हळूच, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी दारात झोपायचे."

मला काही कळेना. "बरं मग?"

"उंबऱ्याला लागून, आडवे. बाकीची पोरं भिंतीला लागून, त्यांच्या पायगतीनं वाट व्हती. पन दारातनं भायेर पडायचं तर भावजींस्नी वलांडावं लागतंय. थोरल्या दिराला वलांडू व्हय मी?"

संडास गॅलरीच्या टोकाला होता. लाईट सुरू झाल्यावर जुलाब लागले. त्या उठायच्या, दार हळूच उघडायच्या, खाली तात्या झोपलेले. दार परत लावून घ्यायच्या. लघवीचं एक वेळ मोरीत भागलं असतं. पण मोरीतच पाण्याची पिंपं, तिथेच पोरं जेवणाची भांडी घासणार, वर ग्रामदेवाचा फोटो. आणि पोटाचं काय करणार? दोनदा लुगडं खराब झालं. अंधारातच धुतलं आणि ओलंच नेसून बसल्या. मग त्यांनी उपाय शोधला. दुपारनंतर पाणी बंद, जेवण बंद, आणि लाईटचा नंबर नेमका दुपारी लागायचा. पोटात काही गेलं नाही तर उठावं लागणार नाही. मावशींच्या खानावळीचा डबा त्या खाली गाईला घालून येत.

"पण त्यांना हाक मारायची. उठवायचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी भलतंच बोलले असावे असं.

"लगीन होऊन आल्यापासनं मी त्यांच्याशी बोलले न्हाई कवा. तोंड बी वर केलं न्हाई. आता काय म्हणून उठवू? मला संडासला जायचंय म्हणून?"

"मग विलासला सांगायचं होतं. नाहीतर मला."

"तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी तितं जाऊन बोलला असता." हे मात्र खरं होतं. "समद्या पोरांनी माझ्यापायी पावसात दिवस काढले. त्यो म्हातारा माणूस थंडगार फरशीवर पडायचा, का, तर माझी राखण कराया. आन् मी म्हणू, तुमच्यामुळं मला तरास हुतोय? जीब झडली नसती माझी?"

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती जिवावर उठली होती. मला तिचा राग आला, तात्यांचा आला, माझाही आला, आणि त्यातला एकही राग काही उपयोगाचा नव्हता. मी सांगितलं की परत चला, मी दुसरीकडे जागा बघते, बायकांमध्ये. त्यांनी माझा हात धरला. हात गरम होता.

"येते. पन भावजींस्नी यातलं कायबी सांगायचं न्हाई. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. पेशंटने सांगितलेलं आमच्या पोटात राहायला हवं, हा तर आमचा नियमच. बाहेर येऊन मी तात्यांना सांगितलं, "घराची आठवण येत होती त्यांना." ते म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं आमचं काय चुकलं."

परतल्यावर मी हातापाया पडून दादरच्या एका धर्मशाळेत कॉट मिळवली. सुलाबाई आल्या, पण घरचं आवरून यायला त्यांना आणखी आठवडा लागला. म्हैस विकायची होती. उरलेली लाईट झाली, आतली पण झाली. त्या पाणी पीत होत्या, जेवत होत्या, टेक्निशियन खूश. देशमाने खूश नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "गॅप पडलाय. बघू." मला त्यांची 'बघू' म्हणण्याची पद्धत माहीत होती.

वर्षाच्या आत दुखणं उलटलं. यावेळी पोटात पसरलं होतं. आम्ही पेनकिलर आणि पुढचे कागद देऊन त्यांना गावी पाठवलं. जाताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमी लई केलंत." मी म्हटलं, "काही केलं नाही हो." त्यावर त्या हसल्या आणि पदर सावरून गेल्या. दोनेक महिन्यांनी विलासचा फोन आला. आई गेली म्हणाला. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. असं मी सहसा करत नाही. बरी होणारी बाई होती ती.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी कदाचित कुणाला सांगितली नसती.

काही दिवसांनी तात्या ओपीडीत आले. धोतर, पांढरा सदरा, टोपी. बरोबर एक तरुण बाई, डोक्यावर पदर, हातात एक्सरेचं पाकीट. तिचा नवरा फॉर्म भरायला लायनीत उभा होता.

"ही आमच्या वरच्या आळीची सून," तात्या म्हणाले. "हिला बी त्येच निघालं. पन या खेपंला तुमी जागंची काळजी करू नका. आमी ठराव केलाय. गावची कुणी बाई आजारी पडून आली, की खोली तिची. बाप्यांनी भायेर. सुलाच्या येळला आमी लई उशीर लावला, तिची चार दिस परवड झाली रस्त्यावर. त्येच तिला बाधलं, असं मला वाटतंय."

"चांगलं केलंत," मी म्हणाले.

"आन् राखणीला मी हायच. दारात झोपतो. तिच्या सासऱ्याला सबूद दिलाय."

ती मुलगी खाली बघत होती. तिच्या नवऱ्याचेही ते चुलत्याच्या जागी असणार. मी तिला नवऱ्याजवळ लायनीत पाठवलं आणि तात्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. चहा मागवला. शपथ मोडायला मला तो चहा संपेपर्यंत वेळ लागला.

मी सगळं सांगितलं. उंबरा, जुलाब, ओलं लुगडं, गाईला घातलेला डबा. काही गाळलं नाही, कारण गाळलं असतं तर ते पुन्हा दारातच झोपले असते.

तात्या ऐकत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वलांडायचं व्हतं की," ते म्हणाले. "जीव जात व्हता तर वलांडायचं व्हतं. पाय दिला असता माझ्यावर, तरी मी हूं म्हटलं नसतं."

मी रिकामा कप बाजूला सरकवला.

"हाक मारायची व्हती. मी काय गाढ झोपत व्हतो व्हय? म्हाताऱ्या माणसाला कुठली झोप? दाराची कडी वाजायची, मला ऐकू यायची. मला वाटायचं, वाऱ्यानं वाजतीया."

"तात्या, ती तुमच्याशी कधी बोलली होती का?"

त्यांनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, एवढ्या सगळ्या वर्षांतलं. लग्नं, बारसी, सणवार, तिच्या नवऱ्याचं मर्तिक.

"न्हाई," ते म्हणाले. "एकदा बी न्हाई." मग टोपी डोक्यावर ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली सून व्हती."

त्या मुलीला खोली दिली. तात्या गच्चीत झोपायला गेले, गॅलरीतली पोरं पलीकडच्या जिन्यात. दारापासून टोकापर्यंत गॅलरी मोकळी ठेवायची, असं बैठकीत ठरलं. का, ते तात्यांनी पोरांना सांगितलं नाही. तिची लाईट पूर्ण झाली. ती आज आहे.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की पेशंटला डोक्यावर छप्पर मिळालं की सोशल वर्करचं निम्मं काम झालं. मी रिटायर होईपर्यंत नव्या मुलींना एक प्रश्न जास्तीचा विचारायला लावत असे. पत्ता झाला, सोबत कोण ते झालं, की त्या बाईला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, रात्री उठलात तर वाटेत कोण झोपलेलं असतं? बहुतेक बायका आधी हसतात. मग सांगतात.